सीमाभागातून अमेरिकेच्या सरकारी हायस्कूलमध्ये: आयबी डिप्लोमासाठी पालकांनी करावयाची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी या पट्ट्यातून नोकरीनिमित्त अमेरिकेस जाणारी मराठी कुटुंबे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. बदलीचे पत्र हाती पडते तेव्हा घरात दहावीतले मूल असेल, तर नातेवाइकांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवा, पीयूसी (अकरावी-बारावी) इथेच होऊ द्या, पुढचे पुढे बघू. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि काही घरांसाठी तो योग्यही ठरतो. परंतु अमेरिकेतील कित्येक सरकारी हायस्कूलांमध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी, या संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा शिकवला जातो, त्यासाठी शिकवणीचे शुल्क द्यावे लागत नाही आणि एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी, झालेले मूल वयाने व इयत्तेने त्याच्या बरोबर उंबरठ्यावर असते, ही माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते. माझी मुलगी बेळगावात मराठी माध्यमातून एसएसएलसी झाली आणि अशाच एका सरकारी शाळेतून तिने हा डिप्लोमा पूर्ण केला. त्यानंतर आपल्या भागातील अनेक पालकांनी मला तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून उत्तरे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आधी अभ्यासक्रमाची तोंडओळख करून घेऊ. आयबीची स्थापना १९६८ मध्ये जिनिव्हा येथे झाली. डिप्लोमा अकरावी आणि बारावी अशी दोन वर्षे चालतो. विद्यार्थी सहा विषय घेतो: साहित्यासह पहिली भाषा, दुसरी भाषा, एक समाजशास्त्रीय विषय, एक विज्ञान, गणित, आणि सहावा विषय कलेचा किंवा आधीच्या गटांपैकी आणखी एक. साधारणपणे तीन विषय उच्च पातळीवर, प्रत्येकी सुमारे २४० तास, आणि तीन सामान्य पातळीवर, प्रत्येकी सुमारे १५० तास शिकवले जातात. प्रत्येक विषयाला १ ते ७ असे गुण असतात, त्यामुळे विषयांचे मिळून ४२ होतात. थिअरी ऑफ नॉलेज म्हणजे टीओके, आणि ४,००० शब्दांपर्यंतचा दीर्घ निबंध, या दोहोंचे मिळून जास्तीत जास्त ३ गुण धरून एकूण ४५ होतात. डिप्लोमा मिळण्यासाठी किमान २४ गुण लागतात, पण केवळ २४ ची बेरीज जमली म्हणून डिप्लोमा मिळतोच असे नाही. तीन उच्च विषयांत मिळून किमान १२ गुण हवेत, कोणत्याही विषयात १ नको, टीओके किंवा निबंधात ई श्रेणी नको, आणि कॅस हा उपक्रमांचा भाग पूर्ण झालेला हवा.

या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मूल पदवीसाठी अमेरिकेतच राहणार आहे की कर्नाटकात परतणार आहे, याचा विचार बेळगाव सोडण्यापूर्वी करा. कोणते कागद जमवायचे, घर कोठे घ्यायचे आणि विषय कोणते निवडायचे, हे सारे त्या एका उत्तरावर ठरते. उत्तर नक्की नसेल, तर दोन्ही दारे उघडी राहतील अशा रीतीने पुढील पायऱ्या चढा.

१. सर्वप्रथम व्हिसा तपासा

एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर जाणाऱ्या नोकरदाराची मुले एच-४ किंवा एल-२ व्हिसावर जातात, आणि त्यांना सरकारी शाळेत इतर मुलांप्रमाणेच शिकता येते. पण आपल्याकडे दुसराही एक विचार वरचेवर ऐकू येतो, तो असा की काका न्यू जर्सीत आहेत, मामा टेक्ससमध्ये आहेत, तर मुलाला एकट्याला त्यांच्याकडे पाठवू आणि तिथल्या सरकारी शाळेत घालू. हा मार्ग दोन वर्षांच्या डिप्लोमासाठी बंद आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानुसार एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये एकूण १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ शिकता येत नाही, आणि तेवढ्या काळाचाही संपूर्ण, अनुदानरहित खर्च विद्यार्थ्याला तेथील शिक्षण विभागाकडे भरावा लागतो. पर्यटक व्हिसावर शाळेत जाणे हे तर थेट नियमभंगच आहे. काकांना पालकत्वाचे कागद करून दिले म्हणून व्हिसाची अट बदलत नाही. हे काम करून देतो असे सांगणारा एजंट भेटल्यास त्याच्यापासून लांब राहा, कारण त्याची किंमत मुलाला पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात मोजावी लागते.

ज्यांना नोकरीच्या व्हिसाचा मार्ग नाही पण डिप्लोमाच हवा आहे, त्यांनी पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यातील यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजची चौकशी करावी. ते १९९७ पासून हाच अभ्यासक्रम शिकवते. ते सरकारी नाही, निवासी आहे, परंतु कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहून तेथे शिष्यवृत्ती दिली जाते आणि बेळगावहून जाऊन पाहून येता येते.

२. घर घेण्यापूर्वी शाळा ठरवा

अमेरिकेत सरकारी शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते. एकाच शहरात रस्त्याच्या अलीकडच्या घराला आयबी असलेली शाळा आणि पलीकडच्या घराला नसलेली, असे घडू शकते. बहुतेक कुटुंबे आधी ऑफिसजवळ घर भाड्याने घेतात आणि मग शाळेची चौकशी करतात. हा क्रम उलटा करा. आयबीच्या संकेतस्थळावर देश, राज्य आणि अभ्यासक्रम निवडून अधिकृत शाळा शोधता येतात. मेरीलँडमधील रॉकव्हिलचे रिचर्ड मॉन्टगोमेरी हायस्कूल, वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यूचे इंटरलेक हायस्कूल, फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलचे स्टॅन्टन कॉलेज प्रेपरेटरी ही अशा सरकारी शाळांची उदाहरणे आहेत.

मात्र शाळेत आयबी आहे म्हणजे आपल्या मुलाला त्यात जागा आहे, असे समजू नका. काही शाळांत परिसरातील कोणीही विद्यार्थी डिप्लोमा निवडू शकतो. काही शाळांत हा अभ्यासक्रम निवड परीक्षेवर किंवा सोडतीवर चालतो, त्याचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात आणि मुले नववीपासूनच त्या वाटेवर असतात. म्हणून शाळेतील आयबी समन्वयकाला भारतातूनच ई-मेल करा. ई-मेल थोडक्यात असावी: मूल कोणत्या बोर्डाची दहावी उत्तीर्ण होणार, कधी पोहोचणार, कोणते विषय हवेत. त्यातच पुढील प्रश्न विचारा.

- अकरावीच्या सुरुवातीला बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण डिप्लोमात प्रवेश मिळतो का?
- भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांपैकी कोणते विषय उच्च पातळीवर शिकवले जातात?
- परीक्षा शुल्क कोण भरते, शाळा की पालक?
- हायस्कूल पूर्ण करण्याच्या राज्याच्या अटींसाठी कोणते जादा विषय घ्यावे लागतील?

दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सरकारी शाळेत शिक्षकांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे प्रत्येक आयबी शाळेत प्रत्येक विषय उच्च पातळीवर मिळेलच असे नाही. उच्च पातळीचे भौतिकशास्त्र नसलेल्या शाळेजवळ वर्षाचा भाडेकरार करून बसल्यावर काही करता येत नाही.

३. बेळगावातून निघण्यापूर्वी जमवायचे कागद

या पायरीसाठी निवांत वेळ ठेवा, कारण यातील बरेचसे कागद नंतर परदेशातून मिळवणे फार कष्टाचे असते.

- एसएसएलसीचे मूळ मार्क्स कार्ड, आणि आठवी व नववीची गुणपत्रके
- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी
- बोर्डाचे मायग्रेशन सर्टिफिकेट
- पहिली ते दहावीचे स्टडी सर्टिफिकेट, मुख्याध्यापकांच्या सहीचे आणि बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) प्रतिस्वाक्षरीचे
- इंग्रजीतील जन्म दाखला
- लसीकरणाची संपूर्ण नोंद
- पासपोर्ट, व्हिसा आणि त्यांच्या प्रती
- अमेरिकेत पोहोचल्यावर: भाडेकरार आणि वीज किंवा पाण्याचे बिल, पत्त्याच्या पुराव्यासाठी

स्टडी सर्टिफिकेटला आपले लोक फारसे महत्त्व देत नाहीत, कारण अमेरिकेतील शाळा तो कागद मागत नाही. तो लागतो परत आल्यावर. कर्नाटकात सीईटी या राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे सरकारी कोट्यातील जागेसाठी पात्र ठरण्याचा सर्वसामान्य मार्ग असा आहे की पहिली ते बारावीपैकी किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील शाळेत झालेली असावीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. म्हणजे इथून एसएसएलसी होऊन गेलेल्या मुलाचे हे दार उघडे राहते, मात्र त्याचा पुरावा हाताशी हवा. सीमाभागात याला एक जादा पदर आहे. आपल्याकडची कित्येक मुले सोयीसाठी चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या शाळेत किंवा वसतिगृहात काही वर्षे शिकलेली असतात. ती वर्षे महाराष्ट्रात मोजली जातात, घर निपाणीत असले तरी. म्हणून वर्षे शाळेनुसार मांडून बघा, सात भरतात की नाही याची खात्री करा, आणि प्रत्येक शाळेचे स्वतंत्र सर्टिफिकेट घ्या. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. शाळा ज्या तालुक्यात आहे तेथील बीईओ ऑफिसातच प्रतिस्वाक्षरी होते. पात्रतेचे नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, तेथून ते पुन्हा पडताळून घ्या.

आता नावाविषयी. कर्नाटकातील शाळांत आडनाव किंवा वडिलांचे नाव आद्याक्षरापुरते लिहिण्याची पद्धत आहे, तर पासपोर्टवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण लिहिलेले असते. त्यात कन्नड नोंदीवरून इंग्रजी स्पेलिंग करताना कारकुनाच्या हातून बदल होतो: सावंत या आडनावात एका कागदावर व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू, पाटील शब्दात कोठे एक आय, कोठे दोन ई. बीईओ ऑफिसच्या खिडकीपाशी उभे राहून मी एका पालकांचे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. मूल एकच आणि नावे तीन होती. आयबीच्या परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरील नावाने होते आणि डिप्लोमावर तेच छापले जाते. पुढे भारतात समकक्षता प्रमाणपत्र काढताना एसएसएलसीचे कार्ड आणि डिप्लोमा शेजारी ठेवले जातात. म्हणून मार्क्स कार्डावरील दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे आधीच करा. वेळ नसेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकडील प्रतिज्ञापत्र तरी सोबत ठेवा.

टीसी पुष्कळदा कन्नडमध्ये असतो. त्याचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्या, किंवा मुख्याध्यापकांना शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र देण्याची विनंती करा. आपल्या मराठी शाळांतील मुख्याध्यापक हे पत्र आनंदाने देतात, फक्त मजकूर आपण तयार करून न्यावा: विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची व सोडल्याची तारीख, माध्यम, आणि नववी-दहावीतील विषयांची नावे. अपॉस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून घ्यायच्या सरकारी प्रमाणीकरणासाठी, मात्र उगाच पैसे घालवू नका. अमेरिकेतील सरकारी हायस्कूल प्रवेशासाठी सामान्यतः अपॉस्टिल मागत नाही. शाळेने लेखी मागितले तरच ते करा.

४. लसी

अमेरिकेतील राज्ये शाळाप्रवेशासाठी लसींची सक्ती करतात आणि नोंद अपुरी असेल, तर मुलाला वर्गात बसू देत नाहीत. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सर्व लसी झालेल्या असल्या तरी दोन ठिकाणी हमखास अडते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर आणि रुबेला यांची लस आहे, गालगुंडाची नाही. तेथे मात्र तिन्हींची एकत्रित एमएमआर लस, दोन मात्रांत, मागतात. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही आणि तेथे ती बहुतेक राज्यांत लागते. दोन मात्रांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागत असल्याने बालरोगतज्ज्ञांना निदान तीन महिने आधी भेटा. बाळपणीचे तायी कार्ड (आई-बाळाच्या आरोग्यनोंदीचे सरकारी कार्ड) शोधून काढा, डॉक्टरांकडून त्यावरील तारखा इंग्रजी नोंदीत उतरवून, सही-शिक्क्यासह घ्या.

क्षयरोगाची चाचणी मागितल्यास त्वचेच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी करता येईल का, हे विचारा. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे त्वचेची चाचणी विनाकारण होकारार्थी येऊ शकते.

५. नाव घालण्याचा दिवस

प्रवेशाच्या वेळी शिक्षण विभाग तीन गोष्टी ठरवतो: इयत्ता, क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची मोजणी) आणि इंग्रजीची पातळी.

एसएसएलसी उत्तीर्ण मूल अकरावीत बसायला हवे, पण वय किंवा कागद पाहून काउन्सेलर, म्हणजे शाळेतील मार्गदर्शक, त्याला दहावीत बसवण्याचा विचार करू शकतो. येथे नववी व दहावीची गुणपत्रके आणि मुख्याध्यापकांचे पत्र उपयोगी पडते, कारण तेथे नववी ते बारावी हेच चार वर्षांचे हायस्कूल मानले जाते आणि पहिल्या दोन वर्षांचे क्रेडिट त्या कागदांवरून मोजले जातात. आपल्या मुलाने दहावीपर्यंत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकलेल्या असतात. त्या परदेशी भाषेच्या क्रेडिटमध्ये धरण्याची विनंती जरूर करा. अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय मात्र बहुधा नव्याने पूर्ण करावे लागतात. आयबीचा हिस्टरी ऑफ द अमेरिकाज हा उच्च पातळीचा विषय घेतल्यास त्यातून इतिहासाची अट भागते का, हे काउन्सेलरला विचारा.

घरी कोणती भाषा बोलता, असा एक छापील प्रश्न असतो. तेथे मराठी असेच लिहा. काही पालक चाचणी टळावी म्हणून इंग्रजी लिहितात, ते योग्य नाही. मराठी लिहिल्यावर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, तिच्यात चांगली पातळी आली तर पुढे काही होत नाही, आणि कमी आली तर मदतीचा तास मिळतो. मदतीच्या तासामुळे आयबीचे दार बंद होत नाही, परंतु वेळापत्रकात दोन्ही बसवण्यासाठी समन्वयकाशी लगेच बोलावे लागते. मराठी माध्यमाच्या मुलांचे वाचन आणि व्याकरण सहसा चांगले असते. कच्चा असतो तो सलग परिच्छेद लिहिण्याचा सराव. एसएसएलसीची परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंतचा काळ यासाठी वापरा. रोज एक पान, स्वतःच्या शब्दांत, कोणत्याही विषयावर.

६. विषय निवडताना बारावीनंतरचा विचार

सर्वाधिक नुकसान या पायरीवर होते, कारण विषय पहिल्या एक-दोन आठवड्यांत ठरतात आणि पुढे बदलणे अवघड असते.

अभियांत्रिकीकडे जायचे असल्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही हवेत. सहावा विषय कलेचा न घेता दुसरे विज्ञान घेतल्यास हे नेहमीच्या रचनेत बसते. गणिताचे दोन प्रकार आहेत: अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस, आणि अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन. अभियांत्रिकीसाठी पहिला प्रकार घ्या, झेपत असेल तर उच्च पातळीवर. आपल्या एसएसएलसीच्या बीजगणित-भूमितीचा पाया या प्रकाराला चांगला पुरतो.

वैद्यकीयचे तसे नाही. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र अशी तीन विज्ञाने लागतात, आणि डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत दोनच बसतात. विशिष्ट देशातील विद्यापीठ प्रवेशासाठी आवश्यक असेल, तर आयबी वेगळ्या रचनेच्या डिप्लोमाला परवानगी देऊ शकते, पण त्यासाठी शाळेला प्रवेशाच्या अटींचा पुरावा जोडून सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो. सरकारी शाळेतील समन्वयकाला भारताच्या वैद्यकीय प्रवेशाची माहिती असण्याचे कारण नाही. नीटच्या माहितीपत्रकातील पात्रतेचे पान तुम्हीच काढून द्यायला हवे. शिवाय नीट मे महिन्यात होते, आयबीच्या लेखी परीक्षाही एप्रिलअखेर ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि नीटची परदेशातील केंद्रे बहुतांशी आखाती देशांत व आशियात असतात. माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाचे वैद्यकीयचे ठरलेलेच असेल आणि ते भारतातच करायचे असेल, तर त्याला आजी-आजोबांजवळ ठेवून पीयूसी करू देण्याचा सल्ला ऐकावा.

आणखी एक धोका. अनेक सरकारी शाळा मुलांना पूर्ण डिप्लोमा न घेता दोन-तीन आयबी विषय सुटे घेऊ देतात. अमेरिकेतील महाविद्यालयासाठी ते चालते. भारतात परतायचे असल्यास सुटे विषय बारावीच्या तोडीचे धरले जातील असे गृहीत धरू नका. पूर्ण डिप्लोमाच करा.

७. मराठी सोडू नका

पहिली भाषा म्हणून मुलाने इंग्रजी घ्यावी हे ओघानेच येते. परंतु डिप्लोमात शाळेच्या साहाय्याने स्वयंअध्ययन नावाची सोय आहे, तिच्यात विद्यार्थी शाळेत शिक्षक नसतानाही आपल्या मातृभाषेतील साहित्याचा अभ्यास सामान्य पातळीवर करू शकतो. दोन भाषा अशा रीतीने पहिल्या भाषेच्या दर्जाने घेतल्या आणि दोन्हींत किमान ३ गुण मिळाले, तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. मराठीसाठी ही सोय आपल्या परीक्षेच्या सत्रात कशी मिळेल, विशेष विनंती करावी लागेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण विनंतीच्या मुदती परीक्षेच्या फार आधी संपतात. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर वाचून घेणारे मराठीचे शिक्षक बेळगावात सहज मिळतात; मुलाच्या जुन्या शाळेतील बाईंनाच विचारा.

सीमाभागातील घरांनी मराठी किती निष्ठेने जपली आहे, हे मी वेगळे सांगायला नको. असे असताना तीच भाषा परदेशी डिप्लोमाच्या कागदावर गुणांसह नोंदवण्याची संधी शाळेने सांगितली नाही म्हणून हुकावी, हे मला पटत नाही.

८. टीओके, दीर्घ निबंध आणि कॅस

आपल्या मुलांना सर्वांत अनोळखी असतो तो हा भाग, आणि सीमाभागातल्या मुलाजवळ सांगण्यासारखे सर्वाधिक असते तेही याच भागात.

टीओकेमध्ये, आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, याचा विचार असतो. त्यात १,६०० शब्दांपर्यंतचा निबंध असतो आणि तीन वस्तूंचे प्रदर्शन मांडायचे असते. वस्तू सर्वसाधारण चालत नाही. ती विशिष्ट, खरी आणि कोणाची तरी असावी लागते. आमच्या मुलीने पणजोबांच्या शेताचा मोडी लिपीतला जुना कागद निवडला होता. तो कागद घरात कोणालाही वाचता येत नाही, त्याच जमिनीचा आजचा उतारा कन्नडमध्ये आहे, आणि तरीही दोन्हींवर घराचा हक्क टिकून आहे. वाचता न येणारा कागद पुरावा कसा ठरतो, हा प्रश्न तिने त्यावरून मांडला. नेताना त्या कागदाचा फोटो काढून नेला होता आणि मागे शाईचा डाग कोठे आहे तेही लिहून घेतले होते. असा तपशीलच वस्तूला विशिष्ट बनवतो. तुमच्या घरातही ट्रंकेत अशा वस्तू असतील. निघण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा आणि आजीला त्यांची हकीकत विचारून घ्या.

दीर्घ निबंधासाठी इतिहास घेणाऱ्या मुलाला १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना किंवा सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग हे विषय जवळचे वाटतात, आणि इतिहासाच्या निबंधातील घटना किमान दहा वर्षांपूर्वीची असावी ही अटही त्यांत पाळली जाते. पण एक सावधगिरी बाळगा. हा निबंध मागणीचे निवेदन नसतो. परीक्षक बेळगावला कधी आलेला नसतो. तो पाहतो की विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंची साधने तपासली का, आयोगाचा अहवाल प्रत्यक्ष वाचला का, आणि निष्कर्ष पुराव्यातून निघतो का. घरातील तीव्र भावना बाजूला ठेवून मुलाला हे लिहिता येणार नसेल, तर दुसरा विषय घ्यावा. प्रश्न अरुंद ठेवावा: एक तालुका, एक दशक, एक निर्णय.

कॅस म्हणजे सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा. हे उपक्रम सुमारे १८ महिने सातत्याने चालवायचे असतात. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात नुसते ढोल वाजवले तर ते पुरेसे होत नाही. लहान मुलांना लेझीम शिकवण्याचा वर्ग मुलाने स्वतः आखला, चालवला आणि त्यावर वेळोवेळी टिपण लिहिले, तर तो चांगला उपक्रम ठरतो. टिपणे त्या त्या आठवड्यातच लिहून घ्या.

९. अभ्यासाची पद्धत

एसएसएलसीचा अभ्यास धडा, प्रश्नोत्तरे आणि गाईड यांवर चालतो. आयबीत प्रश्नातील क्रियापदाला महत्त्व आहे: वर्णन करा, तुलना करा, मूल्यमापन करा, या प्रत्येकाला वेगळे उत्तर अपेक्षित असते आणि पाठ केलेल्या उत्तराला मध्यम गुण मिळतात. शिवाय विज्ञान आणि गणितात २० टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या शोधकामाला असतात. हे काम पहिल्या वर्षाच्या अखेरीस आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस, सर्व विषयांचे एकदम, अंगावर येते. घरातील लग्नकार्यासाठी दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात भारतात येण्याचा बेत करू नका.

दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबाबत आयबी अत्यंत कडक आहे. इंटरनेटवरील परिच्छेद, मोठ्या भावाने लिहून दिलेली पाने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून दिल्यास त्या विषयाचे गुणच रद्द होऊ शकतात, आणि मग डिप्लोमा जातो. आधार कोठून घेतला हे लिहिण्याची सवय पहिल्या गृहपाठापासून लावा.

१०. निकाल आणि परतीचा प्रवास

मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्याआधी, अंतिम वर्षाच्या शरद ऋतूत, शाळा परीक्षेची नोंदणी करते. तेव्हा नावाचे स्पेलिंग स्वतः डोळ्यांनी पाहा. कर्नाटकातील सीईटी वसंतात होते आणि तिच्या अर्जाच्या वेळी आयबीचा निकाल हाती नसतो, म्हणून शाळेकडून विद्यार्थी अंतिम वर्षात असल्याचे पत्र घेऊन ठेवा.

भारतात परतणाऱ्यांसाठी नवी दिल्ली येथील असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था डिप्लोमाला बारावीची समकक्षता देत आली आहे; सध्याची पद्धत अर्जापूर्वी पडताळून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी डिप्लोमा, विषयवार गुणांचे पत्रक, एसएसएलसीचे कार्ड आणि ओळखपत्र लागते. छापील डिप्लोमा निकालानंतर बऱ्याच आठवड्यांनी शाळेत पोहोचतो, पण निकालाची अधिकृत प्रत आयबीकडून विद्यापीठाला थेट पाठवता येते. ती विनंती शाळा सुटीसाठी बंद होण्यापूर्वी समन्वयकाकडून नोंदवून घ्या, कारण जुलैत सरकारी शाळेत फोन उचलायला कोणी नसते.

एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा कमी गुण आल्यास उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेता येते. या फेरतपासणीसाठी शुल्क लागते, विद्यार्थ्याची लेखी संमती लागते, आणि गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात. म्हणून एकूण बेरीज २४ च्या काठावर असेल किंवा उच्च विषयांची बेरीज बरोबर १२ असेल, तर समन्वयकाशी बोलून मगच सही करा. दुसरा मार्ग म्हणजे तो विषय पुढच्या सत्रात पुन्हा देणे. नोव्हेंबर सत्रात परीक्षा घेणाऱ्या शाळा अमेरिकेत फार थोड्या असल्यामुळे परतण्याचे तिकीट काढण्यापूर्वी, पुनर्परीक्षेला कोणती शाळा बसू देईल याची चौकशी करून ठेवा.